जनरेटर कसा बंद पडला, ते आधी सांगा

आरव्हीचा, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीचा, जनरेटर चालेनासा झाला की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कार्ब्युरेटर गेला का हो?" मुरलेला मेकॅनिक त्याचं उत्तर देत नाही. तो उलट विचारतो, "बंद कसा पडला?" फटकन, कुणी स्विच मारल्यासारखा? आचके देत, रेस वर-खाली करत? की स्टार्टचं बटण सोडलं आणि त्याच क्षणी गप्प झाला? यातलं एक उत्तर पेट्रोलकडे बोट दाखवतं, एक सेन्सरकडे, एक वायरिंगकडे. एवढं ऐकून ठेवलंत तर तपासणी निम्मी होते आणि महागडा पार्ट उगाच मागवला जात नाही.

अमेरिकेत किंवा कॅनडात पहिल्यांदाच आरव्ही घेतलेल्यांसाठी हे लिहितो आहे, त्यातही सेकंडहँड 'क्लास सी' मोटरहोमवाल्यांसाठी. म्हणजे पुढे व्हॅनचं तोंड आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली गाडी. अशा गाड्यांत बहुतेक वेळा कमिन्स ओनानचा 4000 वॉटचा पेट्रोल जनरेटर असतो, म्हणून उदाहरणं त्याचीच घेतो. (कोथरूडला कमिन्सची पाटी बघत मोठे झालेल्यांनी ओळखलं असेलच, कंपनी तीच.) दुसऱ्या बनावटीचा असला तरी तपासण्याचा क्रम फारसा बदलत नाही. बटणं आणि दिव्यांचे इशारे मात्र आपल्याच मॅन्युअलमधून बघायचे.

हात लावण्याआधी

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो उठण्याची संधी देत नाही. म्हणून धुराड्याची नळी गाडीच्या कडेच्या बाहेर येते का, तिला भेग किंवा भोक आहे का, हे जनरेटर थंड असताना वाकून बघा. गॅरेजमध्ये, कारपोर्टखाली किंवा भिंतीला चिकटून गाडी उभी असताना जनरेटर चालवू नका. आतल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मचं आयुष्य मर्यादित असतं. त्याच्या पाठीवर तारीख छापलेली असते, ती उलटून गेली असेल तर जनरेटरच्या दुरुस्तीआधी तो बदला. आणि जनरेटर चालू ठेवून झोपू नका, मग बाहेर कितीही उकडत असो.

दुसरी गोष्ट नवखे हमखास विसरतात. जनरेटरचं स्टार्ट बटण गाडीच्या आतही असतं. तुम्ही बाहेर झाकण उघडून हात आत घातलेला, आणि आतून एखादं पोर "हे लाल बटण कशाचं?" म्हणत ते दाबणार. झाकणाआत काही सोडवायचं असेल तर जनरेटरला करंट देणाऱ्या बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. पेट्रोलचं काम इंजिन थंड झाल्यावर, उघड्यावर आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करायचं. पंपावर पेट्रोल भरताना जनरेटर बंद, गाडीतला प्रोपेन गॅसही बंद.

ज्याला पैसा लागत नाही, ते आधी

पेट्रोल. मोटरहोममध्ये जनरेटरला वेगळी टाकी नसते, तो गाडीच्याच टाकीतून पेट्रोल ओढतो. मात्र त्याची नळी टाकीच्या तळापर्यंत नेलेली नसते. साधारण पाव टाकी उरली की त्याला पेट्रोल मिळणं बंद होतं, आणि हे मुद्दाम केलेलं असतं. तासनतास एसी चालवून मग गाडी रानात अडकू नये, म्हणून. 55 गॅलनच्या टाकीत तेरा-चौदा गॅलन पेट्रोल असतं, काटा 'रिकामी' दाखवत नसतो, आणि जनरेटर मात्र कोरडा. उतारावर गाडी उभी असेल तर हे पाव टाकीच्या बरंच वर असतानाही घडतं. म्हणून निम्म्याच्या वर पेट्रोल नसेल तर बाकी काहीही तपासण्याआधी टाकी भरून या. निम्म्या लोडवर हा जनरेटर तासाला साधारण अर्धा गॅलन पितो. दोन दिवसांत काटा कुठे येईल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

ऑइल. गाडी सपाट जागी उभी करा, जनरेटर बंद करून काही मिनिटं थांबा आणि काडी पुसून ऑइल बघा. ऑइल कमी असेल तर इंजिन वाचवण्यासाठी जनरेटर स्वतःच बंद होतो. उलट, हौसेने खुणेच्या वर भरलंत तर ते एअर फिल्टरपर्यंत चढतं आणि पांढरा-निळा धूर येतो. हे इंजिन लहान आहे, त्यात जेमतेम दीड लिटर ऑइल मावतं. त्यामुळे अर्धा कप कमी पडला तरी फरक पडतो.

बॅटरीचा खटका. बहुतेक गाड्यांत दाराजवळ 'घरच्या' बॅटरीचा, म्हणजे गाडीतले दिवे-पंप चालवणाऱ्या बॅटरीचा, मुख्य स्विच असतो. गाडी उभी करून ठेवताना तो बंद केलेला असतो आणि पुढच्या वेळी कुणाच्या लक्षात राहत नाही. जनरेटर बऱ्याचदा याच बॅटरीवर सेल्फ मारतो. खटका बंद असेल तर बटण दाबून काहीही होणार नाही, टिकटिकही ऐकू येणार नाही.

प्राइम. जनरेटर काही आठवडे उभा असेल तर पेट्रोल नळीतून मागे उतरलेलं असतं. ओनानच्या बऱ्याच मॉडेलमध्ये स्टॉपची बाजू दाबून धरली की पेट्रोल पंप चालू होतो आणि बटणातला दिवा लागतो. दहा-पंधरा सेकंद धरा, सोडा, पुन्हा धरा, मग स्टार्ट. न प्राइम करता नुसतं सेल्फ मारत बसणं म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्हीची वाट लावणं.

लोड. एसी, मायक्रोवेव्ह, पाण्याचा हीटर सगळं बंद करा. जनरेटरच्या अंगावरच एक ब्रेकर असतो, तोही तपासणीपुरता बंद ठेवा. नुकतंच सुरू झालेल्या इंजिनावर एसी टाकला तर चांगला जनरेटरही मान टाकतो.

बटण दाबलं, आणि काहीच नाही

आधी आतलं बटण सोडून थेट जनरेटरवरच्या बटणाने प्रयत्न करा. तिथून सुरू झाला आणि आतून होत नसेल तर जनरेटर ठणठणीत आहे. दोष आतल्या स्विचमध्ये किंवा मधल्या वायरीत आहे. दहा सेकंदांची ही चाचणी लोक करतच नाहीत.

दोन्हीकडून काही होत नसेल तर मल्टिमीटर काढा. स्वस्तातला असला तरी चालेल. बॅटरीवर 12.6 च्या आसपास व्होल्ट असेल तर ती भरलेली आहे. 12 च्या खाली असेल तर तिच्याकडून सेल्फची अपेक्षा ठेवू नका. खरी परीक्षा मात्र दुसरी. कुणालातरी बटण दाबायला सांगा आणि त्याच वेळी मीटर बघा. उभ्या-उभ्या 12.5 दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली कोसळली तर ती आतून संपलेली आहे किंवा वायरीचा जोड खराब आहे.

जोड कसा ओळखायचा? मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं जनरेटरच्या इंजिनाच्या उघड्या धातूला लावा, आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त आकडा आला तर अर्थची वायर करंट नीट वाहून नेत नाही. ही वायर गाडीच्या चासिसला जिथे बोल्टने बसवलेली असते तिथे पाणी, चिखल आणि हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ यांनी गंज चढतो. बोल्ट सोडा, दोन्ही बाजू सँडपेपरने चकचकीत घासा, घट्ट आवळा. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्कसारख्या बर्फाच्या राज्यांतून आलेली जुनी गाडी असेल तर हे काम बिघाड नसतानाही करून टाकावं.

नुसती 'टक्' ऐकू येते आणि इंजिन फिरत नाही? मग बॅटरी कमजोर, जोड सैल, किंवा सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा स्विच). याच क्रमाने बघा. 'टक्'ही नसेल तर जनरेटरच्या कंट्रोलवरचा छोटा फ्यूज आणि बॅटरीजवळचा फ्यूज तपासा.

रानात अडकलात आणि घरची बॅटरी उतरली आहे, तर एक युक्ती आहे. गाडीचं मुख्य इंजिन सुरू करा, पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. डॅशबोर्डवर 'ऑक्झिलरी स्टार्ट' किंवा 'बॅटरी बूस्ट' असं काहीसं लिहिलेला खटका असतो. तो दाबून धरून जनरेटरचं स्टार्ट दाबा. दोन्ही बॅटऱ्या एकत्र येतात आणि इंजिनाच्या अल्टरनेटरचाही जोर मिळतो. भाड्याच्या गाडीत हा खटका कुठे आहे ते गाडी ताब्यात घेतानाच विचारून ठेवा.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

सलग अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त सेल्फ मारू नका. ओनान स्वतःच तेवढ्यात थांबतो. मध्ये दोन मिनिटं जाऊ द्या. सेल्फ तापून जळतो, शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठतं आणि नंतर इंजिन पकडलं की फटाक्यासारखा आवाज येतो.

आता प्राइम दाबून धरा आणि कान जनरेटरकडे ठेवा. पेट्रोल पंपाची टिकटिक किंवा घरघर ऐकू यायला हवी. नसेल तर पंपापर्यंत 12 व्होल्ट येतात का बघा. करंट येतोय आणि पंप गप्प आहे, म्हणजे पंप गेला. पंप चालतोय पण इंजिन पकडत नाही, तर प्लग काढून बघा.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचलेलं नाही. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगी पडत नाही किंवा इंजिन ओव्हर झालंय. काळा आणि काजळलेला असेल तर चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. नवा प्लग चार-पाच डॉलरला मिळतो, मॅन्युअलमधल्या नंबरचा आणून बसवा आणि गॅप मोजून घ्या. ठिणगी बघायला प्लग हातात धरून इंजिनाला टेकवण्याची आपल्याकडची पद्धत इथे नको. जवळ पेट्रोलची वाफ असते. वायरच्या मध्ये लावायचा छोटा स्पार्क टेस्टर ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो.

कोरड्या प्लगची गोष्ट जरा सविस्तर, कारण नव्याने घेतलेल्या जुन्या गाड्यांमध्ये हेच सर्वाधिक सापडतं. जनरेटर टाकीपासून लांब असतो आणि त्याचा पंप पेट्रोल खेचून आणतो. मधली रबरी नळी वीस वर्षांत कडक होते, तिला बारीक भेगा पडतात. गंमत म्हणजे अशा नळीतून थेंबभरही पेट्रोल बाहेर गळत नाही, कारण आत खेच असते. पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवाच आत शिरते. शेतावरचं डिझेल इंजिन एअर धरतं ना, तसंच. खाली सुकी जमीन बघून लोक म्हणतात "लीक नाही", आणि कार्ब्युरेटर मागवतात.

हे ओळखण्याचा सरळ मार्ग म्हणजे गाडीची टाकी बाजूला ठेवणं. थंड इंजिनावर, उघड्यावर, जनरेटरकडे येणारी नळी सोडवा, तिचं टोक बूच मारून बंद करा. बोटीसाठी मिळतो तसा छोटा पेट्रोल कॅन, नवी नळी आणि ताजं पेट्रोल वापरून जनरेटरला थेट पेट्रोल द्या. आता प्राइम करा, स्टार्ट करा. इंजिन छान चाललं तर दोष मागे आहे, म्हणजे नळी, टाकीतलं पेट्रोल किंवा टाकीतली ओढनळी. तरीही चाललं नाही तर दोष पुढे आहे, म्हणजे फिल्टर, पंप, कार्ब्युरेटर. एका चाचणीत गाडीचे दोन भाग होतात आणि अर्ध्या भागाकडे परत बघावं लागत नाही. पेट्रोलशी खेळायची भीती वाटत असेल तर ही चाचणी मेकॅनिककडूनच करून घ्या, पण करून घ्याच.

फिल्टर बदलताना विचार करू नका, तो स्वस्त असतो. त्यानंतर पाळी कार्ब्युरेटरची. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असतं. काही महिने पडून राहिलं की पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, इथेनॉल हवेतला ओलावा धरतं, आणि कार्ब्युरेटरमध्ये मधासारखा चिकट थर उरतो. त्याची छिद्रं केसासारखी बारीक असतात, ती बुजतात. कार्ब क्लीनर बाहेरून फवारून हे निघत नाही. कार्ब्युरेटर काढून जेट साफ करावे लागतात. चिकटा जुना असेल तर ते करूनही फायदा होत नाही. नवा घ्यायचा तर जनरेटरच्या पाटीवरचं मॉडेल, त्याच्या शेवटचं स्पेक अक्षर आणि सीरियल नंबर यांचा फोटो काढून दुकानात न्या. मॉडेल तेच असलं तरी अक्षर बदललं की पार्ट बदलतो. ऑनलाइन पाव किमतीत मिळणाऱ्या नकला माझ्या मते टाळाव्यात. त्या बसतात, इंजिन सुरूही होतं, पण रेस स्थिर ठेवता ठेवता हैराण करतात.

आणि ईथरचा स्टार्टिंग स्प्रे? नको. जनरेटर बंद कप्प्यात असतो, तिथे ईथर पेट घेतो, आणि लहान इंजिनाचंही त्याने नुकसान होतं.

सुरू होतो, पण टिकत नाही

सुरुवातीला विचारलेला प्रश्न इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. जनरेटर मरताना बाहेर उभे राहून ऐका.

आचके देत मेला, म्हणजे रेस खाली गेली, पुन्हा सावरली, परत गेली आणि विझला, तर त्याला पेट्रोल पुरत नाही. पाव टाकी, तुंबलेला फिल्टर, हवा ओढणारी नळी, थकलेला पंप, अर्धवट बुजलेला जेट, हे सगळे इथे येतात. मेकॅनिक ज्याला हंटिंग म्हणतात, म्हणजे लोड नसताना रेस लयीत वर-खाली होत राहणं आणि लोड टाकला की थोडं सुधारणं, ते जवळजवळ नेहमी कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये अडकलेल्या कचऱ्याचं लक्षण असतं.

काळा धूर काढत, गुदमरत मेला, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर काढून बघा. उंदीर फिल्टरच्या डब्यात आणि इंजिनावरच्या पत्र्याखाली घरटं करतात. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे इतकं सर्रास आढळतं की वसंतात पहिल्यांदा जनरेटर सुरू करण्याआधी टॉर्च मारून बघायलाच हवं. फिल्टर ठीक असेल तर चोक बघा. थंड असताना तो मिटलेला असतो, इंजिन तापलं की दोन-चार मिनिटांत उघडायला हवा. अडकून राहिला तर थंड जनरेटर झटकन सुरू होतो आणि तापल्यावर दम तोडतो.

फटकन मेला, रेस जराही न डगमगता, तर इंजिनाला कुणीतरी बंद केलंय. हा 'कुणीतरी' म्हणजे ऑइलचा सेन्सर, कंट्रोल बोर्ड किंवा एखादी सैल वायर. ऑइल पुन्हा बघा. मग कनेक्टर एक-एक करून काढून परत दाबून बसवा. हादऱ्यांनी ते सैल होतात. अर्धा-पाऊण तास चालून तापल्यावर फटकन बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो, असं असेल तर इग्निशन कॉइलवर संशय घ्या. तापल्यावर तिच्या आतला जोड सुटतो.

आणि शेवटचा प्रकार. स्टार्ट दाबून धरलंय तोवर इंजिन झकास, बोट उचललं की बंद. जनरेटर वीज बनवतोय की नाही, हे कंट्रोल बोर्ड पाहत असतो. वीज दिसली नाही तर तो इंजिन बंद करतो. वर्षभर न चालवलेल्या जनरेटरच्या स्लिप रिंगवर (फिरत्या भागावरच्या धातूच्या कड्यांवर) गंजाचा पातळ थर बसतो, कार्बन ब्रश त्याला नीट टेकत नाहीत आणि वीज तयार होत नाही. ब्रश साफ करणं कठीण नाही, पण ते उघडण्यासाठी बऱ्याच मॉडेलमध्ये जनरेटर गाडीखालून उतरवावा लागतो. पावणेदोनशे पौंडांच्या आसपासचं वजन असतं ते, एकट्याने भलतं धाडस नको.

दिवा काय सांगतोय

नव्या ओनानमध्ये बिघाड झाला की बटणातला दिवा लुकलुकतो. दोनदा लुकलुकला तर ऑइलचा दाब कमी. चारदा, म्हणजे बराच वेळ सेल्फ मारूनही इंजिन पकडलं नाही. तीनदा, म्हणजे आणखी एक कोड दडलेला आहे. स्टॉप एकदा दाबा आणि दोन आकडी संख्या मोजा. तीन लुकलुकी, थोडी विश्रांती, सहा लुकलुकी म्हणजे 36.

हा 36 सगळ्यात जास्त भेटतो आणि सगळ्यात जास्त गैरसमज करून देतो. त्याचा अर्थ एवढाच, की इंजिन आपोआप थांबलं, कंट्रोल बोर्डने थांबवलं नाही. लोक हा बघून बोर्ड बदलायला धावतात. खरं तर बोर्ड म्हणतोय, "मी नाही केलं." अशा वेळी पेट्रोल आणि हवेकडे वळा. 32 आला तर सेल्फ हळू फिरतोय, म्हणजे बॅटरी आणि जोड. 27 आला तर बोर्डला वीज दिसत नाही, म्हणजे वर सांगितलेले ब्रश किंवा त्यांच्या वायरी.

लुकलुक थांबून गेली असेल तरी हरकत नाही. पाच सेकंदांत तीनदा स्टॉप दाबलं की शेवटचा कोड परत दिसतो. जुन्या मॉडेलांत असले इशारे नसतात, तिथे कानच कामाला येतो.

जनरेटर चालतोय आणि आत अंधार

हा बिघाड असतोच असं नाही. बहुतेक गाड्यांत ट्रान्सफर स्विच असतो. तो जनरेटर स्थिरावण्याची वाट बघतो आणि वीस-तीस सेकंदांनी 'खट्' आवाज करून वीज आत सोडतो. मिनिटभर थांबा. नाही आली तर जनरेटरवरचा ब्रेकर बघा, मघाशी तपासणीसाठी तुम्हीच बंद केलेला असण्याची शक्यता आहे. काही जुन्या गाड्यांत ट्रान्सफर स्विचच नसतो. कॅम्पग्राउंडच्या खांबाला लावायची जाड वायर गाडीच्याच कप्प्यातल्या सॉकेटमध्ये खोचावी लागते, तेव्हा जनरेटरची वीज आत येते. फक्त काही सॉकेट मेली असतील तर बाथरूम किंवा ओट्याजवळच्या सॉकेटवरचं रीसेटचं बटण दाबा.

सॉकेटमध्ये लावायचा साधा मीटर घेऊन ठेवावा, व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही दाखवणारा. 120 व्होल्टच्या आणि 60 हर्ट्झच्या आसपास आकडे हवेत. लोड नसताना हर्ट्झ दोन-तीन जास्त दिसले तर काळजी नाही. लोड टाकल्यावर 57-58 च्या खाली घसरत असेल तर एसी चालवू नका, कॉम्प्रेसरला ते सोसत नाही.

4000 वॉट म्हणजे एकूण 33 अँपिअर. 13,500 बीटीयूचा छतावरचा एसी चालताना तेरा-चौदा खातो आणि सुरू होताना क्षणभर बरेच जास्त. मायक्रोवेव्ह तेरा, बॅटरी चार्जर सहा-सात, इन्स्टंट पॉट आठ-नऊ, इंडक्शन पूर्ण आचेवर पंधरा. एसी चालू ठेवून इंडक्शनवर पोहे चालतील, पण त्यात मायक्रोवेव्हची भर पडली तर बसलाच म्हणून समजा.

डोंगर आणि ऊन

उंचीवर हवा विरळ होते आणि दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण तीन-साडेतीन टक्क्यांनी घटते. यलोस्टोनचा ओल्ड फेथफुल 7,300 फुटांच्या वर आहे. तिथे तुमचा 4000 चा जनरेटर 3,100 च्या आसपासचाच उरतो. कोलोरॅडोतला ट्रेल रिज रोड तर 12,183 फुटांपर्यंत चढतो. घरी नीट चालणारा जनरेटर तिथे काळा धूर काढत मिसिंग मारू लागला तर तो बिघडलेला नाही. पेट्रोल-हवेचं प्रमाण बिघडलंय. ओनानच्या या मॉडेलांत कार्ब्युरेटरवर उंचीसाठी छोटा खटका असतो, तो उंचीनुसार फिरवा. उतरल्यावर परत जागेवर आणायचं विसरू नका. उंचीच्या खुणेवर ठेवून खाली चालवला तर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं.

उलट ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात नळीतल्या पेट्रोलचीच वाफ होते आणि पंपाला ती खेचता येत नाही. दुपारी बंद पडून संध्याकाळी निमूटपणे सुरू होणारा जनरेटर असा असतो. गाडी सावलीत घ्या, कप्प्याच्या जाळ्या मोकळ्या करा, नळी धुराड्याजवळून जात असेल तर लांब बांधा.

प्रोपेनवाले आणि डिझेलवाले

प्रोपेन जनरेटरला कार्ब्युरेटरच्या चिकट्याचा त्रास नाही. तो सुरू होत नसेल तर आधी टाकीत गॅस आहे का बघा, आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून अगदी हळू उघडा. झटक्यात उघडला तर आतला सुरक्षा व्हॉल्व्ह गळती समजून प्रवाह आवळतो. कडक थंडीत टाकी अर्धी असतानाही गॅस पुरेसा बनत नाही.

डिझेलवाल्यांनी थंडीत ग्लो प्लग (सिलिंडर गरम करणारा छोटा हीटर) तापेपर्यंत थांबायचं, आणि फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी झाल्यावर लाइनमधली हवा काढायची.

कधी थांबायचं

गाडी भाड्याची असेल तर पेट्रोल, ऑइल, बॅटरीचा खटका, प्राइम आणि ब्रेकर, एवढ्यावर थांबा आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पाना लावलात तर बिघाड तुमच्या नावावर पडेल. तासाच्या मीटरचा फोटो मात्र घेताना आणि परत देताना काढून ठेवा, जनरेटरचं भाडं बऱ्याचदा तासावर असतं.

स्वतःची असेल तर इंजिनातून धातूचा खडखडाट, पेट्रोलची उघड गळती, जळक्या वायरीचा वास, किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, यातलं काही झालं की तपासणी संपली. बंद करा, माणसं बाहेर काढा, मेकॅनिक बोलवा. फोनवर त्याला मॉडेल, स्पेक अक्षर, मीटरवरचे तास, कोड, आणि जनरेटर कसा मेला हे सांगा. शक्य असेल तर मरतानाच्या आवाजाचा व्हिडिओ पाठवा. येताना तो बरोबर पार्ट घेऊन येतो, आणि दुसऱ्या खेपेचे पैसे वाचतात.

गाडी उभी राहणार असेल तर

महिन्यातून एकदा दोन तास, निम्म्या लोडवर चालवा. लोडशिवाय दहा मिनिटं फुरफुर करून बंद करण्याने काही साधत नाही. इंजिन नीट तापत नाही आणि ब्रशही साफ होत नाहीत. एक एसी किंवा हीटर लावला की निम्मा लोड होतो.

दोन महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी भरा, त्यात पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर मापाने घाला, आणि त्यानंतर जनरेटर अर्धा तास चालवा, म्हणजे औषध मिसळलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल. नुसतं टाकीत ओतून ठेवलं तर कार्ब्युरेटरमध्ये जुनंच पेट्रोल सुकत राहतं. पंपावर 'अनलेडेड 88' अशी स्वस्तातली पाटी दिसली तर तो ई15, म्हणजे 15 टक्के इथेनॉलवाला असतो, लहान इंजिनांसाठी त्याला परवानगी नाही. इथेनॉलविरहित पेट्रोल जवळपास मिळत असेल तर शेवटची टाकी त्याचीच भरा.

ऑइल दर 150 तासांनी, आणि तेवढे तास नाही भरले तरी वर्षातून एकदा बदला. हिवाळ्यात बॅटरी उतरू देऊ नका, उतरलेली बॅटरी गोठून फुटते. घरी सॉकेटजवळ गाडी उभी असेल तर छोटा मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) लावून ठेवा, नसेल तर बॅटरी काढून गॅरेजमध्ये आणा आणि महिन्याला चार्ज करा.